भुईसरपट गुलाब

गुलाबाची निगा म्हटली, की आपल्याकडे ताठ देठावर एकटे उभे असलेले टपोरे फूल डोळ्यांपुढे येते. आणि ज्याने उमेदीची वर्षे एम्प्रेस गार्डनमधल्या जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनासाठी फुले तयार करण्यात, म्हणजे बाजूच्या कळ्या कोवळ्या असतानाच खुडून मधल्या एका कळीला झाडाचा सारा रस मिळवून देण्यात घालवली, त्याला जमिनीलगत पसरणारा, रुपयाएवढी फुले घोसांनी धरणारा आणि सुगंधाच्या बाबतीत जवळजवळ निर्धन असा गुलाब लावावयास सांगणे, हे मैफलीच्या गवयाला भजनी मंडळात टाळ धरावयास बसवण्यासारखे आहे. मला ते कोणी सांगितले नाही. मीच ते मागून घेतले. त्यामुळे तक्रारीला जागा उरली नाही.

पुण्यातल्या एका जुन्या संस्थेच्या आवारातील बागांचा कारभार तेव्हा मजकडे होता. आवाराच्या मागल्या अंगाला, रस्ता रुंद करताना टेकडीचा पायथा कापला गेल्यामुळे, मुरमाचा एक उतार उघडा पडला होता: दोन पुरुष उंच, लांबीला शंभर पावलांच्या आतबाहेर, आणि तोंड नैर्ऋत्येला, म्हणजे उन्हाळ्यात दुपार टळल्यावरही बराच वेळ तापत राहणारा. पहिल्या वळवाबरोबर त्यावर ओघळी पडत, आषाढ संपेतो वरची माती रस्त्याकडेच्या गटारात जाऊन बसे, आणि ती उपसण्याचा खर्च दर वर्षी बागखात्याच्या नावे पडे. हिरवळ लावावी तर अशा चढणीवर कापणीचे यंत्र चालेना. वेडेलियाचा पर्याय होता. सरकारी आणि निमसरकारी बागांत असल्या प्रश्नाचे ते ठरीव उत्तर असते. परंतु पिवळ्या फुलांच्या या वनस्पतीने एकदा बूड टेकले की ती शेजाऱ्याला नांदू देत नाही, आणि पुढे कधी तिचे उच्चाटन करावयाचे ठरलेच, तर मातीत राहिलेल्या प्रत्येक पेरापासून ती पुन्हा आपला हक्क सांगत उभी राहते. मी गुलाबाची तजवीज मांडली. ती कशीबशी मंजूर झाली, आणि मंजुरीच्या कागदावर, पुढल्या प्रजासत्ताक दिनापूर्वी उतार फुललेला असावा, असा शेरा मारून वरिष्ठांनी आपली उद्यानविद्या प्रकट केली. आमच्या मुकादमांचा आक्षेप निराळा आणि अधिक मूलगामी होता. "साहेब, गुलाब म्हंजे उभा असतो," ते म्हणाले. "पसरतं ते गवत."

मुकादमांचे हे मत अगदीच एकाकी नव्हते. गुलाबाच्या इतिहासात मोठमोठ्या संकरकारांनीही दीर्घकाळ तेच मानलेले दिसते. ज्याच्या रक्तातून हे पसरणारे वाण प्रामुख्याने आले, तो रोझा विचुराना जपान आणि त्याच्या आसपासच्या मुलखातला. लांबच लांब लवचीक फांद्या, लहान तकतकीत पाने आणि पांढरी, एकेरी फुले असा हा जंगली गुलाब आधार नसेल तेथे भुईवरच पसरतो. प्रशियाने १८५९ ते १८६२ या काळात पूर्वेकडे जी वकिलात रवाना केली होती, तीबरोबर माक्स विचुरा नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गेला होता. १८६६ मध्ये तो वारला, आणि त्यानंतर वीस वर्षांनी क्रेपँ या बेल्जियन पंडिताने या गुलाबाला त्याचे नाव दिले. पुढे हा गुलाब अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या बागांत पोचला, तेव्हा आडवे पडणे हाच ज्याचा स्वभाव, त्याचे संकर करून लोकांनी ते कमानींवर आणि मांडवांवर चढवून बांधले. १९०१ सालचा 'डोरोथी पर्किन्स' हे त्याचे गाजलेले उदाहरण. विचुराना भुईवरच शोभतो आणि भुईच्या कामाला येतो, ही गोष्ट हळूहळू लक्षात आली. १९१९ मध्ये अमेरिकेत 'मॅक्स ग्राफ' आला, १९३२ मध्ये इंग्लंडातल्या बेंटॉल घराण्याच्या रोपवाटिकेतून 'द फेअरी' आला, १९६८ मध्ये जपानमध्ये ओनोडेरांचा 'नोझोमी', आणि १९८८ मध्ये जर्मनीत नोआक यांचा तो वाण, जो पुढे 'फ्लॉवर कार्पेट' या नावाने जगभर विकला गेला. मी लावला तो मुख्यत्वे 'द फेअरी', फिक्या गुलाबी रंगाच्या दाट घोसांचा. आणि त्याच्या जोडीला, चिठ्ठी गळून पडल्यामुळे बिननावाचाच राहिलेला, चकचकीत पानांचा एक पांढरा वाण.

या गुलाबांची वर्णने करणारी जाहिरातपत्रके त्यांना हटकून 'बिनदेखभालीचे' म्हणतात. माझ्या मते हे विधान अर्धसत्य असून त्याचा घातक अर्धा भाग तोच आहे, जो वाचकाला आवडतो. या गुलाबाची मेहनत कमी होत नाही, ती अलीकडे सरकते. जे श्रम इतर गुलाबांच्या बाबतीत वर्षावर्षाला हप्त्याने फेडता येतात, ते येथे लागवडीपूर्वी एकरकमी भरावे लागतात, कारण एकदा फांद्या एकमेकींत गुंतल्या, की त्यांच्या खालच्या भुईवर माणसाच्या हाताची सत्ता राहत नाही. विचुरानाच्या वंशातले काटे मागे वळलेले, आकडीसारखे असतात. हात आत घालताना ते वाट देतात, आणि बाहेर काढू लागले म्हणजे बाही, कातडी, जे मिळेल ते धरून ठेवतात. अशा झुडपात शिरलेली हराळी खुरप्याने काढू म्हणणाऱ्याने आधी आपल्या हाताचा विचार करावा.

म्हणून आम्ही पहिला उन्हाळा केवळ तणांच्या मागे घालवला. हराळीचे एक बरे असते, तिचे धागे लांब असले तरी दिसतात आणि ओढले की मागोमाग येतात. खरा शत्रू लव्हाळा. त्याची पात उपटली की ती सुखाने हातात येते आणि उपटणाऱ्याला विजयाचा भास होतो; पण खाली, वीतभर खोल, बारीक काळ्या दोऱ्याला लागलेली सुपारीहून लहान गाठ जागच्या जागी असते, तिच्यापुढे दुसरी असते, आणि एकीला इजा झाली की दुसरीतून नवा कोंब सुटतो. टिकावाने खणून, माती चाळणीवर घेऊन, त्या गाठी वेचण्याचे काम इतके कंटाळवाणे आहे, की रोजंदारीवरची माणसे दुसऱ्या दिवशी येईनाशी झाली. मुकादमांनी बायकांची टोळी आणली, आणि वेचलेल्या गाठी घमेल्याने मोजून घेण्याचा शिरस्ता पाडला, तेव्हा कोठे काम मार्गी लागले. नंतर सारा उतार भरपूर भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवले आणि कडा मातीने दाबल्या. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात चार ते सहा आठवडे अशी झाकलेली ओली माती आतल्या आत शिजते आणि वरच्या थरातले तणाचे बी, काही बुरशींसह, निकामी होते. कोरड्या मातीत हा प्रयोग तितका लागू पडत नाही. ओलाव्यावाचून उष्णता खाली उतरत नाही आणि बी निद्रिस्त राहते. लव्हाळ्याच्या चुकून उरलेल्या गाठींनी त्या प्लॅस्टिकलाही सुईसारखी टोके मारून भोके पाडली, हे पाहून मला राग यावा की आदर वाटावा, हे ठरेना. मधल्या काळात, उताराला प्लॅस्टिक गुंडाळून ठेवण्यात कोणता उद्यानविषयक हेतू आहे, याचा लेखी खुलासा वरून मागवण्यात आला, आणि तो मी सविस्तर दिला.

लागवड पावसाच्या तोंडाला न करता सप्टेंबरात केली. सपाट जमिनीवर जून-जुलै उत्तमच. परंतु नुकत्याच खणलेल्या उतारावर जुलैची झड म्हणजे मातीला निरोप, आणि सप्टेंबरात जमिनीत ओल असते, पावसाचा जोर ओसरलेला असतो, आणि पुढचे थंड महिने मुळांना मिळतात. पावसाळाभर माती धरून ठेवण्यासाठी उतारावर गोणपाट अंथरून बांबूच्या खुंट्यांनी ठोकला होता. त्याला चिरा देऊन त्यांतूनच खड्डे घेतले, आणि प्रत्येक रोपाच्या खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा बांध घातला, जेणेकरून ठिबकचे पाणी घसरून न जाता मुळाशीच मुरावे. गोणपाट दोनेक वर्षांत कुजून मातीत मिळून जातो, आणि तोवर फांद्यांनी त्याचे काम पत्करलेले असते. एका चौरस मीटरला दोन-तीन रोपे, हे प्रमाण पहिल्या वर्षी अगदीच विरळ दिसते आणि पाहणारा अधिक रोपांचा आग्रह धरतो. तो आग्रह मानू नये.

रोपे निवडताना एका गोष्टीवर मी हटून बसलो. आपल्याकडे गुलाब म्हटला की डोळा भरलेला, म्हणजे जंगली खुंटावर हव्या त्या वाणाचा डोळा बांधून तयार केलेला. आणि उभ्या गुलाबासाठी ही पद्धत योग्यच आहे, कारण खुंटाची मुळे आपल्या जमिनीला सरावलेली असतात. त्या खुंटाला अधूनमधून खालून रानफूट येते, ती माळ्याला चटकन ओळखू येते आणि तो ती मुळापासून काढतो. पण जेथे सगळेच आडवे आणि एकमेकांत मिसळलेले, तेथे परका अंकुर कोणत्या झाडाच्या बुडातून निघाला हे कोण पाहणार? तो गुपचूप वाढतो, आणि चार वर्षांनी मूळ वाण दबून जाऊन उतारावर खुंटाचेच राज्य होते. म्हणून स्वतःच्या मुळांवर वाढलेली, फाटे लावून केलेली रोपेच घ्यावीत. या वाणांचे फाटे पावसाळ्यात सहज रुजतात, ही यातली सोय. किंबहुना ते माणसाची वाटही पाहत नाहीत: भुईला टेकलेली फांदी दुसऱ्या पावसाळ्यात हलकेच उचलून पाहिली, तर पेराच्या खालच्या अंगाला पांढरी, ठिसूळ मुळे सुटलेली दिसतात, आणि फांदी उचलणाऱ्याला किंचित अडवते.

छाटणीच्या बाबतीत माझे आणि मुकादमांचे खरे मतभेद झाले. पुण्याच्या हवेत झाडाला सक्तीची विश्रांती देणारा हिवाळा नसल्यामुळे गुलाबाचे वर्ष ऑक्टोबरच्या छाटणीपासून सुरू होते. पाऊस संपला, की पाणी तोडून ताण द्यावयाचा, चार-पाच जोमदार फांद्या गुडघ्याएवढ्या ठेवून बाहेरच्या अंगाच्या डोळ्यावर तिरका काप घ्यावयाचा, आणि साधारण दीड महिन्याने बहर पाहावयाचा. मुकादमांचा हात या कामात इतका बसलेला, की त्यांची कात्री डोळ्यावर आपणहून थांबे. त्यांनी उतारावरही तेच आरंभले. परंतु उभ्या फांदीत शेंड्याच्या डोळ्याची हुकमत चालते आणि खालचे डोळे दबून राहतात, तर तीच फांदी आडवी झाली म्हणजे ती हुकमत ढिली पडून जवळजवळ प्रत्येक डोळा फुटतो आणि फुलतो. अर्थात येथे आडवी, लांब फांदी हेच धन. कापावयाच्या त्या वाळलेल्या, रोगट, आणि नेमक्या त्याच जोमदार, सरळ वर निघालेल्या फांद्या, ज्या एरवी माळी डोळ्यांत तेल घालून जपतो. हे मी समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, मान डोलावली, आणि उताराचा एक तुकडा आपल्या पद्धतीने छाटण्याची परवानगी मागितली. मी दिली. त्या तुकड्यावर डिसेंबरात फुले आली ती संख्येने थोडी, पण अंमळ मोठी. मधली भुई मात्र उघडी राहिली आणि तीत लव्हाळा उगवला. मुकादमांनी त्यावर काही भाष्य केले नाही. पुढल्या ऑक्टोबरात ते स्वतः नव्या माणसांना वर गेलेली फांदी कोणती ते दाखवत होते.

दर तीन-चार वर्षांनी मात्र कठोर व्हावे लागते. वरच्या नव्या फांद्यांखाली जुन्या, सुकलेल्या काटक्यांचा थर साचतो आणि उजेड तळाशी पोचत नाही. तेव्हा उताराचे पट्टे पाडून एका वर्षी एकच पट्टा वीतभर उंचीवर साफ कापावा. सगळा उतार एकदम बोडका केला तर पुढल्या वळवात ओघळी ठरलेल्या.

रोगांचा विषय निघाला की माळी दोन पक्षांत विभागतात, एक पक्ष दर आठवड्याला फवारतो आणि दुसरा कधीच फवारत नाही; भुईसरपट गुलाबाने मला मधल्या मार्गावर आणले. पानांवरच्या काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजायला पान सलग सातएक तास ओले राहावे लागते, आणि श्रावणात ते दिवसचे दिवस ओले असते, यावर कोणाचा इलाज नाही. उभ्या गुलाबाखालची गळलेली रोगट पाने आपण झाडून जाळू शकतो. येथे ती काटेरी छपराखाली पडून राहतात आणि पुढच्या पावसाची बेगमी करतात. म्हणून छाटणीनंतर, भुई जरा दिसू लागली की लगेच, एक टक्का बोर्डो मिश्रण सढळ हाताने मारण्याची मी चाल पाडली. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पन्नास लिटरांत विरवून गाळलेला, आणि दोन्ही निवळ्या एकाच वेळी तिसऱ्या, प्लॅस्टिकच्या पिंपात ओतावयाच्या. निळा रंग निवळून आकाशी झाला, की मुकादम खुरप्याचे घासलेले पाते त्यात मिनिटभर धरीत आणि बाहेर काढून उन्हात फिरवून पाहत. पात्यावर तांब्याची लालसर झाक चढली, तर मोरचूद मोकळे आहे आणि ते पाने करपवील, असे समजून चुन्याची निवळी आणखी ओतावयाची. पाते जसेच्या तसे निघाले म्हणजे फवारा सुरू. हे मिश्रण त्याच दिवशी संपवावे लागते. हिवाळ्यातल्या भुरीवर गंधक चालते. पण तेच गंधक एप्रिलच्या उन्हात, लाल कोळ्यांनी 'द फेअरी'ची पाने फिकट करून टाकली म्हणून मारले, तर कोळ्यांआधी पान जळते. कोळ्यांवर मी सकाळी लवकर, पानांच्या खालच्या अंगाने, जोराच्या पाण्याची धार मारणे यापलीकडे फारसे काही केले नाही, आणि तेवढ्याने भागले.

काही गोष्टी कोणत्याच पुस्तकात नसतात. दाट आच्छादन आपल्याला जसे आवडते तसे घुशींनाही आवडते. त्यांनी उताराच्या पोटात केलेली बिळे पावसात खचून जागोजागी भोक पडे. घुशींमागे घोणस येते, त्यामुळे काठी आपटून, थोडे थांबून मगच आत पाऊल टाकावयाचे, हा मुकादमांचा हुकूम सर्वांना लागू होता, मलाही. आणि रस्त्यावरून वाऱ्याने येणारे वेष्टनांचे कागद व पिशव्या काट्यांत अडकल्या म्हणजे उतार फुललेला असूनही उकिरड्यासारखा दिसे. त्या काढण्यासाठी बांबूला तारेची आकडी बांधून एक हत्यार बनवले होते, आणि एका माणसाचा सकाळचा काही वेळ केवळ त्यासाठी राखून ठेवलेला असे. हेही देखभालीत मोडते.

जाणारे-येणारे लोक पहिल्या वर्षी थांबत, वाकून घोस नाकाशी नेत, आणि निराश होऊन सरळ होत. वास नाही, देठ नाही, केसांत माळावे तर पाकळ्या झडतात, देवाला वाहावे तर फूल लहान. गुलाबाकडून मराठी माणसाची जी काही अपेक्षा असते तीतली एकही हा पुरी करीत नाही. याचा एक सुपरिणाम असा झाला, की पहाटे पिशव्या घेऊन फिरणारे, परक्यांच्या कुंपणावरची जास्वंद आणि तगर आपल्या देवांच्या हवाली करणारे शहरातले जे भाविक आहेत, त्यांनी या उताराला कधीही हात लावला नाही. आवारातल्या माझ्या ग्लॅडिएटर गुलाबांचे पहिले फूल मला क्वचितच पाहावयास मिळाले. उतारावरची फुले मात्र झडेपर्यंत जागेवर राहिली. आणि रस्त्याच्या पलीकडून, जेथून एकही फूल वेगळे दिसत नाही, तेथून तो सबंध उतार डिसेंबरच्या उन्हात गुलाबी झालेला पाहताना, माझ्या प्रदर्शनाच्या चषकांची मला आठवण होत नसे, एवढे मी प्रांजळपणे सांगू शकतो.

दफ्तराची अडचण शेवटपर्यंत पुरली. संस्थेच्या नोंदवहीत प्रत्येक झाड नगाने नोंदलेले असे आणि वार्षिक तपासणीत नग मोजून शिल्लक जुळवावी लागे. फांद्या भुईला टेकून रुजत गेल्या, तसे एक झाड कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते हे सांगणे अशक्य झाले. एका वर्षी मोजणीत खरेदीपेक्षा पुष्कळ अधिक झाडे निघाली, पुढल्या वर्षी दुसऱ्या माणसाने मोजली तर कमी. तूट निघाली तर वसुली आणि वाढ निघाली तर संशय, अशा दुहेरी पेचात तपासनिसांनी माझी कैफियत मागितली. बराच पत्रव्यवहार होऊन अखेरीस या गुलाबाची नोंद नगाऐवजी चौरस मीटरमध्ये करण्यास मंजुरी आली, आणि दर मार्चअखेर मुकादम आणि मी फीत धरून उतार मोजू लागलो. पण तोवर खालच्या फांद्या दगडी कठडा ओलांडून रस्त्याच्या कडेच्या मातीत रुजल्या होत्या. रस्ता आमच्या हद्दीत येत नाही. त्यावरचा गुलाब आमच्या शिलकेत धरावा की धरू नये, या प्रश्नाचा निकाल मी निवृत्त होईतो लागला नव्हता.